गाडीखालची कोरडी जागा

ट्रकमधलं पाणी कुठं जातं हे शोधताना मला जो त्रास झाला, त्यातला निम्माच ट्रकने दिला. बाकीचा माणसांनी दिला, आणि तोही चांगल्या मनाने. चांगल्या मनाने दिलेल्या त्रासाची तक्रार कुठं करायची, हे मला अजून समजलेलं नाही.

आमचा ट्रक जुना आहे. काष्टीच्या आसपासच्या वस्त्यांवरून सकाळ-संध्याकाळ दुधाचे कॅन गोळा करायचे आणि शीतकरण केंद्रावर पोचवायचे, हे त्याचं काम. चालवतात माझे यजमान. डिझेल, टायर, विमा, पासिंग हे सगळं माझ्याकडे. स्वयंपाकघराच्या दारामागे एक जुनं कॅलेंडर उलटं टांगलेलं असतं. त्याच्या कोऱ्या बाजूवर मी कामं लिहिते आणि झालं की खोडते. त्या उन्हाळ्यात ‘गाडी तापते’ ही एक ओळ काही केल्या खोडली जात नव्हती.

एप्रिलमधल्या एका सकाळी ओढ्याच्या चढावर गाडी उकळली. यजमानांनी ती बाजूला घेतली, निवायला वेळ दिला, पाणी ओतलं. पण तोवर ऊन चढलं होतं. केंद्रावर पोचेपर्यंत बरंचसं दूध नासलं. तिथले साहेब शांत माणूस. ते म्हणाले, “एकदा झालं, समजू शकतो. पुन्हा झालं तर रूट दुसऱ्याला द्यावा लागेल. वस्तीवरच्या लोकांचं दूध आहे, माझं नाही.” त्यांचं काहीच चुकत नव्हतं, त्यामुळे भांडताही येईना.

यजमान आता पंचावन्नच्या पुढं आहेत. दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून बसणं त्यांना जमणार नाही आणि घरी बसणं त्याहून जमणार नाही. कॅनचा खडखडाट ऐकल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. रूट गेला असता तर गाडी विकता आली असती, पण त्या माणसाचं काय करायचं हे माझ्या कुठल्याच यादीत बसत नव्हतं.

गाडी तापल्याची बातमी एका दिवसात सगळ्या वस्त्यांवर गेली. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक ठिकाणी कॅनशेजारी पाण्याची कळशी भरून ठेवलेली. “दादा, आधी गाडीला पाणी पाजा.” यजमान थांबायचे, झाकणावर ओलं फडकं धरून हळूहळू वाफ सोडायचे आणि कळशी ओतायचे. नको म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही. आणि टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या घराने कळशी पुढं केली, तर तिला नको म्हणणं आमच्या भागात कुणाच्याच स्वभावात नाही.

घरी आले की मी विचारायची, “किती पाणी लागलं?”

“लागलं थोडं थोडं.”

“थोडं म्हणजे किती?”

“आता ते काय मापानं घेतंय व्हय कुणी?”

गाडी दिवसाला किती पाणी खाते हेच कळेना, मग कुठून खाते हे कसं कळणार?

मिस्त्रीला बोलावलं. आमचा मिस्त्री हाताला काळं लागण्याआधी निकाल देतो. त्याने रेडिएटरचं झाकण काढलं, गाडी चालू करायला लावली, आत डोकावला आणि खिशात हात घालून म्हणाला, “वहिनी, हेड गेलं.”

“कशावरून?”

“हे काय, बुडबुडे. नुसतं सोडावॉटर झालंय. इंजिनाच्या आतली हवा पाण्यात येतीय.”

“मग आता?”

“इंजिन खोलायचं. हेड नगरला पाठवायचं, घासून आणायचं. आठ-दहा दिवस धरा.”

“आठ-दहा दिवस दूध कोण नेणार?”

“ते तुमचं तुमी बघा. मी इंजिनाचं सांगतोय.”

आता यातली गोष्ट अशी, की मिस्त्री येण्याच्या जरा आधी यजमानांनी रेडिएटरमध्ये बादलीभर पाणी ओतलं होतं. पाहुणा येणार म्हणून घर झाडून ठेवावं, तसं. रिकाम्या नळ्यांत पाणी शिरलं की आतली हवा बाहेर येणारच. पाण्याची बाटली भरतानाही येते. मी तसं म्हटलं. शिवाय हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, गेलं की पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल चहासारखं दिसतं, हे मला त्यानेच मागे कधीतरी दुसऱ्या गाडीबद्दल सांगितलं होतं. मी ऑइलची कांडी ओढून त्याच्यापुढे धरली. काळंकुट्ट होतं, पण ऑइलच होतं.

“दर वेळेला उतरतंच असं न्हाई,” मिस्त्री म्हणाला. “खोलल्यावर कळंल.”

“खोलल्यावर कळून काय उपयोग? तोवर रूट गेलेला असेल.”

“आन न खोलता इंजिन जाम झालं म्हंजे?”

हेही खरं होतं. हीच तर अडचण होती. इंजिन खोललं तर रूट जाणार, आणि हेड खरंच गेलं असेल तर न खोलता गाडी वाटेतच कायमची बसणार. मी त्याला रविवारपर्यंत थांबायला सांगितलं. तोवर बाहेरची गळती सापडली नाही, तर खोला म्हटलं. तो जाताना यजमानांना म्हणाला, “दादा, वहिनींनी गॅरेज काढलं की सांगा, मी कामाला येतो.” यजमान हसले. मला हसू आलं नाही.

साध्या पाण्याचा डाग राहत नाही. वाळलं की गेलं. म्हणून मी काष्टीहून हिरवं कूलंट, म्हणजे रेडिएटरमध्ये घालायचं रंगीत पाणी, आणलं. आधीचं पाणी काढून टाकलं, नवं भरलं. हिरवा थेंब जमिनीवर जिथं दिसेल, त्याच्या वर गळती. इतकं सोपं काम होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोबाईलचा उजेड घेऊन गाडीखाली वाकले. जमीन ओली होती आणि हिरवी होती. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत सगळीच. एवढं कूलंट आम्ही भरलंसुद्धा नव्हतं. मग वास आला. शेणसडा.

सासूबाई रिकामी बादली घेऊन पायरीवर उभ्या होत्या. आमच्या दारात रोज पहाटे सडा पडतो, आणि गाडी दारात असते म्हणून गाडीखालीही पडतो. मग बॉनेटला हळदीकुंकू लागतं आणि गाडी निघते. इतकी वर्षं हे चाललंय, पण त्याचा गळतीशी संबंध येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

“आत्या, गाडीखाली कशाला सडा टाकला?”

“मग कुठं टाकू, गाडीवर?”

“मला गळती बघायचीय. जमीन कोरडी पाहिजे.”

“लक्ष्मी हाय ती. पारोशी पाठवायची व्हय दूध आणायला?”

“दोन दिवस नका टाकू, एवढंच म्हणते.”

“दारात सडा न्हाई दिसला म्हंजे लोक इचारत्यात, घरात कोण गेलं म्हणून. कुणाचं नाव सांगू?”

त्या रात्री मी पेंडीची पांढरी पोती उसवून गाडीखाली अंथरली. सकाळी पोती व्यवस्थित घडी करून भिंतीकडेला ठेवलेली, वर दगड. खाली ताजा सडा.

“पोती कुणी काढली?”

“मी. वाऱ्यानं उडून गेली असती.”

“त्यांच्यावर काही डाग होता का?”

“अंधारात मी काय डाग बघत बसू?”

घड्या उलगडल्या, तर प्रत्येकीवर शेणाच्या हाताचे ठसे. हिरवेच. ओरडावंसं फार वाटलं, पण ऐंशीच्या घरातली बाई पहाटे उठून स्वतःची कंबर मोडून काम करते, तिला ओरडायचं तरी काय म्हणून?

तिसऱ्या दिवशी तह झाला. गाडीखालचा चौकोन सोडून चहूबाजूंनी सडा टाकायचा, म्हणजे लांबून बघणाऱ्याला फरक कळणार नाही. सासूबाईंनी शब्द पाळला. सकाळी चारी कडांनी हिरवं आणि मधोमध माझी पांढरी पोती. कोरडी ठणठणीत. एक थेंब नाही.

मी झाकण उघडून रेडिएटरमध्ये बोट घातलं. पाणी बोटाला लागेना.

म्हणजे पाणी कमी होत होतं आणि बाहेर येत नव्हतं. यजमान माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. “मिस्त्री म्हणतोय ते खरं दिसतंय,” ते म्हणाले. “आतच जळतंय.” एवढं बोलून ते कॅन पुसायला बसले. कॅन आदल्या रात्रीच धुऊन पालथे घातलेले होते. तरी ते एकेक कॅन मांडीवर घेऊन पुसत राहिले, झाकणाच्या कडा, कान, बुडं. मला ते बघवेना म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

कुकर लावला. आमच्या कुकरची रिंग जुनी झालीय. थंड असताना झाकण अगदी घट्ट बसतं. वाफ धरली, शिट्टीची वेळ आली, की कडेने फुसफुस करत पाणी बाहेर येतं आणि गॅस बंद करून जरा वेळ गेला की पुन्हा काही नाही. त्या दिवशी ते पाणी शेगडीवर उतू गेलं, फडक्याने पुसलं, आणि पुसता पुसता मला स्वतःचाच राग आला. मी पोती अंथरत होते जेवणं झाल्यावर. गाडी तोवर निवलेली असायची. निवलेल्या गाडीखाली मी पहाटेपर्यंत गळती शोधत होते, आणि गाडी गळत असेल तर ती तापलेली असताना, वाटेवर, जिथं मी नव्हतेच.

शुक्रवारी सकाळी मी केबिनमध्ये जाऊन बसले. रेडिएटरच्या झाकणाला सुतळी बांधली होती. गाठ माझी. पायाशी कूलंटचा डबा. गाडीत जे काही जाईल ते माझ्या हातून जाईल, असं यजमानांना बजावलं होतं.

पहिल्याच वस्तीवर बाई कळशी घेऊन पुढं आली. “आज मालकीणबाई ड्युटीवर?”

“हो. पाणी नको आज.”

“का वो? आमचं पाणी खारं हाय म्हणून?”

“तसं नाही. गाडीचा उपास आहे.”

“उपासाला पाणी चालतं की.”

“निर्जळी आहे.”

ती हसली आणि कळशी परत घेऊन गेली. पुढच्या दोन वस्त्यांवर हेच. पण चौथ्या वस्तीवर एक म्हातारा होता, त्याला उपास-निर्जळीचं काही हसू आलं नाही. मी नको म्हटल्यावर तो माझ्याकडे न बघता यजमानांकडे बघत राहिला. यजमानांनी स्टिअरिंगकडे बघितलं. म्हाताऱ्याने कळशी उचलून लिंबाच्या झाडाच्या बुडाशी ओतली आणि घरात गेला.

गाडी रस्त्याला लागल्यावर यजमान म्हणाले, “लांबच्या हिरीवनं आणतो तो पाणी.”

“मला माहितीय.”

“मग एक कळशी घिऊन काय बिघडलं असतं?”

“सगळं बिघडलं असतं. एवढे दिवस तेच बिघडतंय.”

ओढा आला. चढाच्या अलीकडे मी गाडी थांबवायला लावली, बऱ्यापैकी निवू दिली, गाठ सोडली. मग झाकण काढून, इंजिन चालू करून आत बघितलं. मध्ये कुणी बादली ओतलेली नव्हती, त्यामुळे पाणी शांत होतं. एकही बुडबुडा नाही. हेड गेलं नव्हतं, याची मला तिथंच निम्मी खात्री पटली. डब्यातून लागेल तेवढं ओतलं, पुन्हा गाठ मारली आणि चढ चढलो. तापमानाचा काटा कधीचाच बंद असल्यामुळे गाडी किती तापली हे नाकानेच ओळखायचं होतं. दोघंही श्वास ओढून वास घेत होतो. दूध शाबूत पोचलं.

घरी आल्यावर मी यजमानांना गाडी बंद करायला लावली, पण जराही निवू द्यायची नाही असं ठरवलं होतं. सासूबाईंकडे रांगोळी मागितली.

“आत्ता? दुपारची?”

“इंजिनाला टाकायचीय.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डबा काढता काढता म्हणाल्या, “ती जाडी नको घिऊ. ही घे, सणाची. बारीक हाय.”

पोतं अंथरून मी गाडीखाली सरकले आणि रबरी होजच्या जोडांवर, क्लिपांवर, रेडिएटरच्या बुडाला, पाण्याच्या पंपावर, हात पोचेल तिथं रांगोळी फुंकली. तेलकट लोखंडावर ती छान बसली. बाहेर येऊन गाडी चालू करायला सांगितली आणि बाजूने उजेड मारून बघत राहिले. होज कोरडा. क्लिपा कोरड्या. रेडिएटर कोरडा. मग पंपाच्या पोटाखाली पांढऱ्यात एक हिरवी रेघ उमटली. तिथं एक बारीक भोक असतं. पंपाच्या आतलं सील झिजलं की पाणी तिथून बाहेर पडतं. थेंब धरला, सुटला, खालच्या आडव्या पट्टीवर पडला, पंख्याच्या वाऱ्याने मागे पसरला आणि गरम लोखंडावर वाळून गेला. जमिनीपर्यंत पोचतच नव्हता.

मी यजमानांना खाली बोलावलं. त्यांनी वाकून ती रेघ बघितली. “हेड न्हाई,” ते म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्याने, पायरीवरच्या आईला ऐकू जाईल असं, “हेड न्हाई गं.”

मिस्त्री आला, वाकला, बघितलं. “पंपच हाय. मी म्हणलंच हुतं, पाण्याच्या लाइनीत कायतरी हाय.”

“तुम्ही हेड म्हणाला होता.”

“हेड बी पाण्याच्याच लाइनीत येतं, वहिनी.”

तरी त्रास संपला नव्हता. मुलगी नगरला, सावेडीत राहते. तिला पंपाचा फोटो पाठवला. तिने स्कूटरवर जाऊन पंप घेतला आणि दौंडकडे येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरकडे दिला. संध्याकाळी स्टँडवरून आणून बघितला, तर बोल्टची भोकं जुळेनात. या गाडीला दोन तऱ्हांचे पंप येतात, हे मिस्त्रीला तेव्हा आठवलं. फोन केला तर मुलगी म्हणाली, “आई, दुकानदार विचारत होता कुठला, मी म्हटलं फोटोतला.” फोटो तेलाने माखलेल्या पंपाचा होता, त्यात दोन्ही तऱ्हा सारख्याच दिसल्या असत्या. तिने दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या बदलून पाठवला. मधल्या दोन फेऱ्या मी डबा घेऊन केबिनमध्ये बसले.

शनिवारी दुपारी बरोबर पंप आला. जुना काढताना शेवटचा बोल्ट गंजून धरलेला. मिस्त्रीने रॉकेल सोडलं, ठोकलं, पान्याला पाइप लावून जोर दिला आणि बोल्टचं डोकं तुटून हातात आलं. तो खाली बसला. मी घड्याळाकडे बघितलं. वस्त्यांवर संध्याकाळच्या धारा सुरू झाल्या असतील.

“काढता येईल का?” मी विचारलं.

“येईल. पण माझ्या मागं घड्याळ धरून उभं राहू नका.”

मी आत गेले. बाहेरून ड्रिलचा आवाज, मग शिवी, मग बराच वेळ काहीच नाही. चहा घेऊन गेले तेव्हा तुटका बोल्ट जमिनीवर पडला होता आणि मिस्त्री नवं पॅकिंग बसवत होता. चहा त्याने उभ्यानेच प्याला. पंप बसला, पट्टा बसला, कूलंट भरलं, हवा निघेपर्यंत गाडी चालू ठेवली. भोक कोरडं. यजमान वाट न बघता चढून बसले आणि गाडी निघाली. फेरीला उशीर झाला, पण सूर्य कलला होता आणि दूध नासलं नाही. केंद्रावरचे साहेब काही बोलले नाहीत, आणि आम्हाला तेच हवं होतं.

रविवारच्या सकाळी यजमान एकटे गेले. सुतळी मी सोडली नव्हती. परत आले तेव्हा गाठ जशीच्या तशी होती, पण पुढच्या चाकांवर चिखलाचे ओघळ होते.

“हे काय?”

“त्या म्हाताऱ्यानं कळशी आणली हुती. मी म्हणलं, गाडीला नको आता. तर म्हणला, पोटाला नको तर पायाला तरी घालतो.” पाहुणा दारी आला की आमच्याकडे पायावर पाणी घालतात. यजमान चाकाकडे बघत म्हणाले, “दोन्ही चाकांना घातलं. त्याला नको म्हणू का?”

त्याला नको म्हणायची माझीही हिंमत झाली नसती.

सोमवारी पहाटे मी सवयीने मोबाईलचा उजेड घेऊन बाहेर गेले. चौकोन संपला होता. सासूबाईंनी तह मोडून सगळीकडे हात फिरवला होता. गाडीखाली जमीन ओली होती आणि हिरवी होती, बरोबर पंपाच्या खाली सगळ्यात जास्त. मी वाकून बोट लावलं आणि नाकाशी नेलं.

शेण होतं. आत जाऊन मी कॅलेंडरवरची ती ओळ खोडली.